टेगू, घोरपड आणि घरातले तान्हे बाळ

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आसनगाव स्टेशनजवळच्या एका सोसायटीतून एक आजी आपल्या आठ महिन्यांच्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलीला दोन दिवसांपासून ताप, दिवसाला दहा-बारा जुलाब, आणि त्या सकाळपासून शौचात रक्ताचे धागे. पावसाळ्यात आमच्याकडे हे चित्र नवे नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे आमच्याच तालुक्यात, पण आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात गढूळ पाणी. त्यामुळे जुलाब म्हटले की डॉक्टरच्या डोक्यात आधी पाणीच येते. मीही नेहमीचे प्रश्न विचारले. पाणी उकळता का? उकळतो. बाटलीने दूध देता का? नाही, अंगावर पिते. वरचे काय देता? नाचणीचे सत्त्व, वाटी-चमच्याने. घर स्वच्छ, आजी हुशार, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

जलसंजीवनी आणि झिंक सुरू केले, अंगावरचे दूध चालू ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. दुसऱ्या दिवशी ताप चढलेला आणि बाळ मलूल. मग मी वेळ न घालवता कल्याणला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे शौचाचे कल्चर झाले आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्टात नाव आले साल्मोनेला.

एक प्रश्न मी विचारलाच नव्हता, ही चूक माझी. घरात कोणता प्राणी आहे का? कुत्रा, मांजर नव्हते म्हणून कोणी आपण होऊन सांगितले नाही. बाळाचा काका ठाण्याला नोकरीला. त्याने चार महिन्यांपूर्वी एक परदेशी सरडा आणून काचेच्या पेटीत ठेवला होता. त्याचे नाव टेगू. संध्याकाळी काका घरी आला की टेगूला तासभर फरशीवर मोकळा सोडायचा, आणि त्याच फरशीवर बाळ रांगायचे. टेगूचे पाण्याचे भांडे घासले जायचे स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये. बाळाची सत्त्वाची वाटीही तेथेच.

मुलगी आठवड्याभरात बरी झाली. पण त्यानंतर माझ्याकडे याच विषयावर दोन-तीन जण चौकशी करून गेले, आणि मुरबाडहून एका वाचकाने पत्र लिहून विचारले आहे की, "माझ्या मुलाला मोबाइलवर पाहून टेगू पाळायचा आहे, आणि गावातली पोरे म्हणतात की विकत कशाला घ्यायचा, बांधावरची घोरपड धरून देतो. आरोग्याच्या दृष्टीने यात धोका आहे का?" म्हणून आजचा लेख.

टेगू म्हणजे काय?

टेगू हा दक्षिण अमेरिकेतला सरडा. ब्राझील, अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे ही त्याची मायभूमी. पाळण्यासाठी सर्वात जास्त विकला जातो तो काळा-पांढरा टेगू. दिसायला तो आपल्या घोरपडीसारखा आहे. तशीच दुभंगलेली जीभ, तशीच दणकट नखे, तसाच जाड शेपटा. पण दोघांचे कूळ वेगळे. घोरपडीची शेपटी तुटली तर पुन्हा येत नाही, टेगूची, विशेषतः लहान वयात, पालीसारखी पुन्हा येते.

विकणारा माणूस दाखवतो ते वीतभर लांबीचे पिल्लू. दोन-तीन वर्षांत त्याचा चार फूट लांबीचा, पाच-सात किलो वजनाचा प्राणी होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे दहावीतल्या मुलाने आणलेला टेगू त्या मुलाच्या लग्नात असेल, त्याच्या पहिल्या बाळाच्या बारशालाही असेल. प्राणी तसा शहाणा आहे. रोज हाताळला तर माणसाळतो, खाऊ देणाऱ्याला ओळखतो. पाळणाऱ्यांना त्याचा लळा लागतो यात मला काही नवल वाटत नाही.

मी माणसांचा डॉक्टर. सरड्याला औषध देणे माझे काम नव्हे. त्यासाठी पशुवैद्य, आणि तोही सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला. तसा आपल्या तालुक्यात मिळणे कठीण. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे चौकशी करावी. पण त्या काकाबरोबर बसून मी टेगूच्या निगेची माहिती वाचली, आणि त्यातली एक गोष्ट मला फार ओळखीची वाटली. ती म्हणजे मुडदूस.

लहान मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात, टाळू भरत नाही, मनगटे जाड होतात, तो मुडदूस आपण जाणतो. त्याचे एक मोठे कारण म्हणजे उन्हाचा अभाव. उन्हातील अतिनील किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. सरड्याचेही हेच. पेटीत ठेवलेल्या, ऊन न मिळालेल्या सरड्याचा जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरते, साधे चालताना हाड मोडते. आणि लोक काय करतात, तर काचेची पेटी खिडकीशी ठेवतात आणि समजतात ऊन मिळाले. काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण हवे ते किरण काच अडवते. आयांनाही मी हेच सांगतो की बंद खिडकीआडच्या उन्हात बाळाला ठेवून ड जीवनसत्त्व मिळत नाही. टेगूला म्हणून या किरणांचा खास दिवा लागतो. तो दिवा वर्षभरात निकामी होतो, दिसायला मात्र पेटलेलाच राहतो.

त्याला जागा लागते आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे चाळीतल्या खोलीचा मोठा कोपराच. एका बाजूला तापण्यासाठी चाळीस अंशांच्या वरचा दगड, दुसरी बाजू पंचवीस-सत्तावीस अंशांची, आणि खाली खणता येईल अशी ओलसर माती. थंड रक्ताच्या प्राण्याला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की केव्हा येईल सांगता येत नाही; दिवे बंद राहिले तर पोटातले अन्न तसेच कुजते. उलट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पेटी ठेवली तर प्राणी शिजूनच निघेल. खाणे मिश्र असते. लहानपणी रातकिडे, नाकतोडे, झुरळे. मोठेपणी मासे, उंदीर, उकडलेले अंडे, पपईसारखी फळे, आणि वरून कॅल्शियमची पूड. औषध फवारलेल्या शेतातले किडे मात्र देऊ नयेत. हौसेने रोज चिकन आणि अंडी चारणारे पुष्कळ आहेत. असा टेगू लठ्ठ होतो, आणि लठ्ठपणाचे दुखणे काय असते ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

थंडीच्या दिवसांत तो कित्येक महिने बिळात पडून राहतो, खात नाही. नवखा मालक घाबरून जबरदस्तीने भरवतो. त्या प्राण्याची एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की विणीच्या हंगामात रात्री बिळात असताना टेगू आपले अंग बिळापेक्षा दहा अंशांपर्यंत गरम ठेवू शकतो. सरडा म्हणजे थंड रक्ताचा, हे आम्ही शाळेत घोकलेले, तेही पूर्ण खरे नाही.

साल्मोनेला येतो कोठून?

टायफॉइडचे नाव सर्वांना माहीत आहे. साल्मोनेला हे त्या जंतूच्या सगळ्या घराण्याचे नाव. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. त्याचे इतर भाऊबंद मात्र कोंबड्या, गुरे, पाली, सरडे, कासवे, साप यांच्या आतड्यात राहतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना त्यांचा काही त्रास होत नसतो. प्राणी धडधाकट, चकचकीत, चांगला खाणारा, आणि त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत असतात. रोज पडतात असेही नाही, अधूनमधून पडतात. म्हणून एकदा तपासणी करून जंतू सापडला नाही तर तो प्राणी स्वच्छ ठरत नाही. आणि प्राण्याला अँटिबायोटिक देऊन हा जंतू कायमचा जातो असेही नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. तेव्हा पाळलेला प्रत्येक सरडा जंतू बाळगून आहे असे धरूनच वागावे.

विष्ठेतले जंतू प्राण्याच्या अंगाला, नखांना, पेटीला, पाण्याला लागतात. तेथून आपल्या हाताला आणि हातातून तोंडात. म्हणजे प्राणी चावावा लागत नाही, त्याला हात लावावा लागतो असेही नाही. १९९६ च्या जानेवारीत अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन पाहायला मुलांची गर्दी झाली. हा कोमोडो ड्रॅगन म्हणजे आपल्या घोरपडीचाच इंडोनेशियातला थोरला भाऊ. नंतर कित्येक मुले साल्मोनेलाने आजारी पडली. त्यांनी प्राण्याला स्पर्श केलेला नव्हता. प्राण्याने ज्या लाकडी कठड्यावर पंजे टेकले होते, त्या कठड्याला त्यांनी हात लावला होता. ज्या मुलांनी तेथून आल्यावर हात धुतले, त्यांच्यात आजार कमी दिसला. साबणाची किंमत सांगणारे याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत किंवा पाच-सहा दिवसांत ताप, पोटात कळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. धडधाकट मोठा माणूस चार ते सात दिवसांत बहुधा आपोआप बरा होतो. त्याला अँटिबायोटिक लागतच नाही. ते दिले तर शौचातून जंतू जाण्याचे दिवस काही वेळा वाढतात. हे सांगितले की पेशंट नाराज होतो. "डॉक्टर, एक सुई तरी द्या," म्हणतो. जुलाबात खरे औषध म्हणजे जलसंजीवनी, मुलांसाठी त्याच्या जोडीला चौदा दिवस झिंक, आणि खाणे न तोडणे. पेज, मऊ भात, केळे, ताक चालू ठेवावे. बाळाचे अंगावरचे दूध तर एक वेळही बंद करू नये.

पण काही जणांच्या बाबतीत हा आजार साधा राहत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यातून जंतू रक्तात शिरू शकतो आणि क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आणि जुलाब असतील तर घरगुती उपाय करीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पासष्टीच्या पुढचे वृद्ध, गरोदर बाई, मधुमेह हाताबाहेर गेलेला माणूस, कॅन्सरचे किंवा स्टिरॉइडचे औषध चालू असलेला पेशंट, हे सर्व जोखमीचे.

आणि आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिकलसेल. आपल्याकडच्या आदिवासी समाजात हा रक्तदोष आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, हळूहळू निकामी होते आणि रक्तात शिरलेले जंतू मारण्याचे तिचे काम थांबते. अशा मुलात साल्मोनेला हाडात जाऊन बसतो. हात किंवा पाय सुजतो, दुखतो, आणि घरचे समजतात की नेहमीचीच सिकलसेलची कळ आहे. ताप असेल, एकाच हाडावर सूज असेल आणि दुखणे नेहमीपेक्षा जास्त दिवस चालले असेल तर डॉक्टरला ते स्पष्ट सांगा. असे मूल घरात असेल तर टेगू, कासव, इग्वाना यांपैकी काहीही आणू नये. याला मी "शक्यतो" हा शब्द जोडत नाही.

तर मग पाळायचा की नाही?

पाच वर्षांखालचे मूल किंवा वर सांगितल्यापैकी कोणी घरात असेल तर नाही. आसनगावच्या काकालाही मी हेच सांगितले. तो वाईट मुलगा नव्हता, पुतणीवर जीव टाकणारा होता. पण टेगूला हाताळून, हात पँटला पुसून तो तिला उचलून घेत असे.

घरात सगळे मोठे आणि निरोगी असतील तर पाळता येईल, पण काही गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतील. पेटी स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या जागी नको. तिची भांडी बाहेरच्या मोरीवर, वेगळ्या घासणीने धुवावीत, आणि ते पाणी भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. टेगूला आंघोळीसाठी वेगळे घमेले ठेवावे, माणसांची बादली वापरू नये. त्याला घरभर मोकळा सोडू नये. त्याचा मुका घेऊ नये. हसू नका, मोबाइलवर असे फोटो पुष्कळ आहेत. आणि हाताळल्यानंतर प्रत्येक वेळी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत, मग बाळ, मग जेवण. राखेने किंवा नुसत्या पाण्याने धुतलेले हात यात चालणार नाहीत.

कायद्याची बाजूही माहीत असावी. टेगू हा सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचे नियम आले. त्यानुसार असा परदेशी प्राणी जवळ असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला तरी कळवावे लागते. विकणारा कागद देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नये.

काकाने पुढे काय केले? आधी तो म्हणाला, "तानसाच्या जंगलात सोडून येतो, सुखाने राहील." मी हात जोडले. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात लोकांनी असेच सोडलेले आणि निसटलेले टेगू आज तेथील जंगलात वाढले आहेत. पक्ष्यांची, कासवांची, मगरींची अंडी फस्त करतात. शेवटी २०२१ साली त्या राज्याला टेगू पाळण्यावरच बंदी आणावी लागली. आपल्या जंगलात तसे झाले तर पहिला फटका घोरपडीलाच बसेल. काकाने मग डोंबिवलीच्या एका मित्राकडे, जेथे घरात लहान मूल नाही, रीतसर नोंद करून टेगू दिला. देताना तो रडला, असे आजींनी सांगितले.

घोरपड पाळणे हा गुन्हा

आता मुरबाडच्या पत्रातला दुसरा प्रश्न. बांधावरची घोरपड धरून आणायची कल्पना डोक्यातून काढून टाका. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत. तिला धरणे, बांधणे, मारणे, खाणे, तिचे कातडे किंवा चरबी जवळ बाळगणे, सगळ्याला तीन ते सात वर्षे कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड आहे. नोंद करून ठेवता येईल अशी सोय घोरपडीला नाही.

काही वर्षांपूर्वी टोकावड्याकडच्या एका पाड्यावर गेलो असताना पोरांनी घोरपडीचे पिल्लू कमरेला सुतळी बांधून ठेवलेले पाहिले. सुतळी कातड्यात रुतून जखम झाली होती. पोरे त्याला भात चारीत होती! त्याच हातांनी एकमेकांना बोरे देत होती. मी त्यांना रागावलो नाही. आम्हीही लहानपणी असेच उद्योग केलेले आहेत. सुतळी कापली, पिल्लू कुंपणाशी सोडले, पोरांना हापशावर नेऊन हात धुवायला लावले.

तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीची, यशवंतीची कथा आपल्या रक्तात आहे. १६७० सालच्या सिंहगडाच्या चढाईत घोरपड होती की नव्हती यावर इतिहासकार वाद घालतात, तो त्यांचा प्रांत. पण त्या कथेमुळे घोरपड पाळता येते, शिकवता येते, असा समज मात्र पक्का बसला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिची खरी कामगिरी वेगळीच आहे. ती उंदीर, खेकडे, किडे, सापाची अंडी खाते. कोंबडीची अंडीही खाते, हे कबूल. खुराडे रात्री नीट बंद करावे. घरात शिरली तर दार उघडे ठेवून बाजूला व्हावे, ती आपली आपण जाते; अडकली असेल तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

औषधाच्या नावाने तिचा जो छळ होतो त्याबद्दल डॉक्टर म्हणून बोललेच पाहिजे. घोरपडीच्या तेलाने सांधेदुखी जात नाही. चोळण्याने आणि उबेने जो आराम पडतो तो तिळाच्या तेलानेही पडतो. "हत्था जोडी" नावाची मूळी धनलाभासाठी विकली जाते. ती मूळी नव्हेच, नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे, हे २०१७ साली उघडकीला आले. लोक ते शेंदूर लावून देव्हाऱ्यात ठेवत होते.

चावली तर?

घोरपड किंवा टेगू चावल्याने माणूस विषाने मरतो ही भीती खोटी. तिच्या फुंकरीने पुरुषत्व जाते ही तर निव्वळ भाकडकथा. पण जबडा ताकदीचा असतो, दात मागे वळलेले असतात, जखम खोल होते. धरून ठेवले असेल तर हिसडा देऊन ओढू नये, त्याने मांस फाटते. प्राण्याला जमिनीवर टेकू द्यावे, बहुधा तो सोडतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने दहा-पंधरा मिनिटे धुवावी. तंबाखू, चुना, हळद, शेण काही लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि जखम डॉक्टरला दाखवावी. बोटाच्या सांध्यावरची असेल तर नक्कीच. रेबीजची इंजेक्शने मात्र लागत नाहीत. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग. कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा चावला तर ती घ्यायचीच, सरडा-घोरपड चावली तर नाही.

येथे एक धोक्याची सूचना. रात्री भाताच्या पेंढ्यात किंवा गवतात काही चावले आणि दिसले नाही, तर "घोरपडच असेल" असे म्हणून घरी बसू नये. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास अडकतो. काय चावले याची खात्री नसेल तर साप चावला असेच धरून, हातपाय न हलवता, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. भगताकडे वाटेत थांबू नये.

राहिली पाल. टेगू फार थोड्यांच्या घरी असेल, पाल सर्वांच्या घरी आहे. दुधात किंवा भाजीत पाल पडून लोकांना उलट्या झाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पाल विषारी समजतो. पालीच्या अंगात विष नसते. तिच्या आतड्यात मात्र तोच साल्मोनेला असू शकतो, आणि ओट्यावर, फडताळात, झाकण नसलेल्या भांड्यात तिच्या लेंड्या पडत असतात. अन्न झाकून ठेवावे, पोळपाट-लाटणे वापरण्याआधी धुवावे. पाल पडलेले दूध उकळूनही वापरू नये, टाकून द्यावे, आणि भांडे साबणाने घासून गरम पाण्याने विसळावे. ते दूध कोणी आधीच प्यायले असेल तर मिठाचे पाणी पाजून मुद्दाम उलटी करवू नये. पाच-सहा दिवस नजर ठेवावी, आणि ताप किंवा जुलाब सुरू झाले तर डॉक्टरला पालीची गोष्ट आठवणीने सांगावी.